शेवटचा डबा

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा फर्मान असं होतं : "पुलगावच्या इतिहासावर काहीतरी लिही, पण रटाळ नको." मिलवर, मिलच्या भोंग्यावर, डेपोच्या कॅम्पवर आणि आर्वीच्या छोट्या गाडीवर आपल्यातले कितीतरी जण माझ्याहून चांगलं लिहितील. कापूस-बाजाराचं तर मला ओ की ठो कळत नाही. म्हणून मी माझ्या पोटापाण्याच्या धंद्यातल्या एका छोट्याशा कल्पनेचा इतिहास लिहिते आहे. तुम्ही म्हणाल, यात पुलगाव कुठे आलं? ती कल्पना मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी पुस्तकात भेटली खरी, पण त्याआधी ती दोनदा भेटून गेली होती. एकदा आपल्या शाळेच्या ग्राऊंडवर आणि एकदा पुलगाव स्टेशनच्या मास्तरांच्या खोलीत.

ग्राऊंडपासून सुरू करते, कारण तिथे तुम्ही सगळे होतात.

पी.टी.च्या तासाला आपण झेंड्याच्या खांबाकडे तोंड करून उभे राहायचो. उजव्या हाताला सायकल स्टँड, पाठीमागे फाटक, डावीकडे पाण्याची टाकी. सरांची शिटी वाजली की हुकूम सुरू. दाहिने मुड. दाहिने मुड. पीछे मुड. बाएं मुड. इतकं सगळं झाल्यावर वर्गाचं तोंड टाकीकडे असायचं (आणि एका मैत्रिणीचं सायकल स्टँडकडे, तिचं नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे). आता गंमत बघा. सरांनी ते चार हुकूम न देता सुरुवातीला एकदाच 'बाएं मुड' म्हटलं असतं, तरी आपलं तोंड टाकीकडेच झालं असतं. आणि एकदा टाकीकडे तोंड झालं की पुढचे हुकूम पाळण्यासाठी आधी चार हुकूम झाले होते की एक, हे लक्षात ठेवण्याची काहीच गरज नाही. दोन वेगवेगळे भूतकाळ, पण पुढे काय करायचं ते अगदी सारखं. म्हणून ते दोन्ही भूतकाळ एकाच खणात टाकून विसरता येतात.

असे खण किती लागतात? चार. चार दिशा म्हणून चार, हे तर पोरंही सांगतील. पण तीन खणांत का भागणार नाही, हे सांगता आलं पाहिजे, आणि खरा विषय तिथूनच सुरू होतो. समजा, कुणीतरी तीनच खणांची युक्ती काढली. मग चार दिशांपैकी कुठल्या तरी दोन एकाच खणात कोंबाव्या लागतील, समजा फाटक आणि टाकी. आता सरांनी 'दाहिने मुड' म्हटलं. टाकीकडे तोंड असलेल्याचं तोंड झेंड्याकडे आलं पाहिजे, फाटकाकडे असलेल्याचं टाकीकडे. पण आपल्या युक्तीला ते दोघे एकच वाटतात, त्यामुळे ती दोघांना एकच उत्तर देणार, आणि त्यातलं एक चूक ठरणार. कुठल्याही दोन दिशा घ्या, त्यांना वेगळं पाडणारा एखादा हुकूम सापडतोच. म्हणून चाराहून कमी खण नाहीतच. सर फक्त 'पीछे मुड' एवढा एकच हुकूम देत असते तर मात्र दोन खण पुरले असते. म्हणजे किती लक्षात ठेवायचं हे पुढे काय विचारलं जाणार यावर ठरतं.

माझ्या धंद्यात या खणांना 'स्टेट' म्हणतात, आपण 'स्थिती' म्हणू. मोजक्या स्थिती, येणारा हुकूम आणि हुकूम आला की कुठल्या स्थितीतून कुठल्या स्थितीत जायचं याचा तक्ता, एवढं ज्याच्याजवळ आहे ते यंत्र म्हणजे 'फायनाइट ऑटोमॅटन'. लिफ्ट, कपडे धुण्याचं मशीन, एटीएम, मोबाइलचं लॉक, सगळ्यांच्या पोटात हेच असतं. आणि परीक्षेत हमखास येणारा प्रश्न : कमीत कमी स्थितींत हे यंत्र बनवा. मी तो दहा मार्कांसाठी कितीदा तरी सोडवला. 'कमीत कमी' कशासाठी, हे मात्र कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

आता स्टेशनकडे जाऊ.

माझे बाबा स्टेशन मास्तर होते. मी पाचवीत असताना त्यांची पुलगावला बदली झाली आणि आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला आलो. जी.आय.पी. रेल्वेची लाईन भुसावळकडून नागपूरला पोचली ती १८६७ साली. वर्धा नदीवरच्या पुलावरून आपल्या गावाला नाव पडलं असं सांगतात. १९१७ साली पुलगावहून आर्वीला नॅरो गेज निघाली, अडीच फूट रुंदीची, पस्तीस किलोमीटरची. ती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची आणि तिचा कारभार किलिक निक्सन कंपनीकडे. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला तिची थोरली बहीण. कापूस मेन लाईनवर आणायचा आणि मुंबई बंदराकडे धाडायचा, यासाठी हा सगळा खटाटोप. हे तुम्हाला पाठ आहे.

मला मात्र आकर्षण होतं ते मास्तरांच्या टेबलाजवळच्या ब्लॉक इन्स्ट्रुमेंटचं. कुलूपबंद, सील लावलेलं जड यंत्र. त्याला एक दांडा, एक काटा आणि एक घंटी. काटा तीनच जागी उभा राहायचा : लाईन क्लोज्ड, लाईन क्लिअर, ट्रेन ऑन लाईन. तेवढंच. आख्खी मुंबई-नागपूर मेन लाईन, मेल, एक्स्प्रेस, मालगाड्या, सगळ्यांचा जीव त्या तीन जागांवर टांगलेला. मी बाबांना विचारलं होतं की एवढ्या मोठ्या कारभाराला तीनच जागा कशा पुरतात. ते म्हणाले, "चौथी पायजे कायले?"

याचं उत्तर मला द्यायला जमलं नाही. आज प्रयत्न करते.

समजा, शेजारच्या स्टेशनाहून पुलगावकडे गाडी सोडायची आहे. तिथला मास्तर घंटी देऊन परवानगी मागतो. पुलगावचा मास्तर दांडा 'लाईन क्लिअर'वर फिरवतो, तसाच काटा पलीकडेही फिरतो, आणि मगच पलीकडच्याला आपला शेवटचा सिग्नल पाडता येतो. गाडी निघाली की पलीकडून घंटी येते, पुलगावचा मास्तर दांडा 'ट्रेन ऑन लाईन'वर नेतो. गाडी पूर्ण आली की पुन्हा 'लाईन क्लोज्ड'. आता यातल्या दोन स्थिती एकत्र करून बघू, ग्राऊंडवर केलं तसंच. 'क्लिअर' आणि 'ऑन लाईन' एक केल्या तर एक गाडी आत असताना दुसरी सोडता येईल. 'क्लोज्ड' आणि 'ऑन लाईन' एक केल्या, दोन्हींत सिग्नल लालच म्हणून, तरी तेच : 'क्लोज्ड'मध्ये नवी परवानगी देता येते, 'ऑन लाईन'मध्ये देता येत नाही. 'क्लोज्ड' आणि 'क्लिअर' एक करणं म्हणजे परवानगी न मागताच गाडी सोडणं. तिन्ही जोड्यांना वेगळं पाडणारा पुढचा प्रसंग आहे. म्हणून तीन. चौथी लागत नाही, कारण गाडी मेल आहे की मालगाडी, ती उशिरा आहे की वेळेवर, याने 'दुसरी गाडी सोडू का?' या प्रश्नाच्या उत्तरात फरक पडत नाही. ती माहिती रजिस्टरमध्ये जाते, यंत्रात जात नाही.

हे तीन कुणी एका बैठकीत शोधून काढलेले नाहीत. त्यांची किंमत आधी मोजली गेली आहे. २५ ऑगस्ट १८६१, रविवार. इंग्लंडमध्ये ब्रायटनहून लंडनकडे जाणाऱ्या लाईनवर क्लेटन नावाचा लांब बोगदा आहे. सकाळी थोड्या थोड्या अंतराने तीन गाड्या निघाल्या. बोगद्याच्या दोन टोकांना दोन सिग्नलमन, किलिक आणि ब्राऊन. (किलिक हे नाव वाचून मीही दचकले. आपल्या किलिक निक्सनशी त्याचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग.) दोघांमध्ये तारयंत्र होतं. पहिली गाडी आत गेली, पण तिच्यामागे आपोआप लाल व्हायला हवा होता तो सिग्नल झाला नाही. किलिकने ब्राऊनला 'गाडी आत' असं कळवलं. तेवढ्यात दुसरी गाडी आली. किलिक लाल झेंडा घेऊन धावला, पण गाडी बोगद्यात शिरली. ड्रायव्हरला झेंडा दिसला की नाही, त्याला कळेना. त्याने पुन्हा 'गाडी आत' कळवलं आणि मग विचारलं, "गाडी बाहेर पडली का?" त्याच वेळी पहिली गाडी ब्राऊनसमोरून बाहेर पडली होती. ब्राऊनने उत्तर दिलं : मोकळं. किलिकला वाटलं दोन्ही गेल्या. त्याने तिसऱ्या गाडीला पांढरा झेंडा दाखवला. दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने तर लाल झेंडा पाहिला होता, तो बोगद्यात थांबून गाडी मागे आणत होता. २३ माणसं गेली.

कोणी खोटं बोललं नव्हतं, कोणी झोपलं नव्हतं. त्या दोघांमधल्या भाषेत 'आत' आणि 'मोकळं' एवढ्या दोनच स्थिती होत्या. 'एक आत' आणि 'दोन आत' हे दोन भूतकाळ तिने एकाच खणात टाकले होते, आणि त्यांना वेगळं पाडणारा प्रसंग नेमका त्या रविवारी आला. यावर दोन उपाय होते. एक, स्थिती वाढवा : एक आत, दोन आत, तीन आत... याला अंत नाही. दुसरा, नियमच असा करा की एकाहून जास्त गाड्या आत असण्याचा प्रश्न उद्भवू नये. रेल्वेने दुसरा निवडला. एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, हीच ती ब्लॉक पद्धत. १८८९ मध्ये आयर्लंडमधल्या आर्मा इथे मोठा अपघात झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने प्रवासी लाईनवर ती कायद्याने सक्तीची केली. म्हणजे यंत्र लहान करायचं असेल तर कधी कधी आधी जग थोडं शिस्तीत आणावं लागतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात हुशार चाल आहे, आणि ती कुठल्या प्राध्यापकाच्या नावावर नाही.

सिंगल लाईनवर धोका आणखी मोठा, कारण समोरूनही गाडी येऊ शकते. १८७४ मध्ये नॉर्विचजवळ थॉर्प इथे तारेच्या निरोपात घोटाळा होऊन दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. त्यानंतर एडवर्ड टायर या इंजिनिअरने टॅब्लेटचं यंत्र काढलं : परवानगी म्हणजे हातात धरायची एक वस्तू, आणि यंत्रांची जोडणी अशी की एका वेळी एकच वस्तू बाहेर निघेल. आपल्याकडे नील्सचं बॉल टोकन फार चाललं. वेताच्या कड्याला अडकवलेल्या पिशवीत लोखंडी गोळा, आणि धावत्या इंजिनातून तो झेलणारा माणूस, हे दृश्य तुमच्यापैकी अनेकांनी कुठल्या ना कुठल्या ब्रँच लाईनवर पाहिलं असेल. त्या यंत्रावरही तीनच खुणा : लाईन बंद, गाडी येते आहे, गाडी जाते आहे. ज्याच्या हातात गोळा, त्याची लाईन. स्थिती डोक्यात ठेवायची गरज नाही, ती हातात वजनाने कळते.

पुस्तकातला इतिहास यानंतर कितीतरी वर्षांनी सुरू होतो, तो मी भरभर सांगते. १९३७ साली क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने एम.आय.टी.मध्ये प्रबंध लिहून दाखवलं की रिलेच्या जोडण्या म्हणजे गणितच आहे. १९४३ मध्ये मॅक्कलॉक आणि पिट्स यांनी मेंदूतल्या पेशींचं सोपं गणिती चित्र काढलं, आणि त्यावर विचार करताना क्लीन या तर्कशास्त्रज्ञाने १९५१ च्या उन्हाळ्यात फायनाइट ऑटोमॅटाची ताकद नेमकी किती ते मांडलं. तिकडे टेलिफोन एक्स्चेंजवाल्यांना वेगळीच घाई होती. रिले महाग. दोन रिलेंत चार स्थिती मावतात, पाचवी आली की तिसरा रिले विकत घ्यावा लागतो. 'कमीत कमी'चा उगम हा असा रोकडा आहे. १९५४ मध्ये डेव्हिड हफमन याने (तोच, ज्याच्या नावाच्या पद्धतीने आपल्या मोबाइलमधले फोटो अजूनही छोटे होतात) स्थिती कमी करण्याची रीत दिली. १९५५ मध्ये जॉर्ज मीली आणि १९५६ मध्ये एडवर्ड मूर यांनी ती पुढे नेली, दोघंही बेल लॅबोरेटरीतले. मूरची कल्पना मला फार आवडते. तो म्हणतो, समजा एक बंद पेटी आहे, उघडायची परवानगी नाही. फक्त बटणं दाबायची आणि दिवे पाहायचे. एवढ्यावरून आतल्या कुठल्या दोन स्थिती खरोखर वेगळ्या आहेत हे कसं ओळखाल? बाबांचं सीलबंद यंत्र माझ्या डोळ्यांसमोर आलं ते हे वाचताना.

त्याची रीत साधी आहे. सुरुवातीला दोनच गठ्ठे करा : ज्यांचं उत्तर 'हो' आणि ज्यांचं 'नाही'. मग एकेका गठ्ठ्यात बघा, एकच हुकूम दिल्यावर कुणी वेगळ्या गठ्ठ्यात जातंय का? जात असेल तर गठ्ठा फोडा. फोडण्यासारखं काही उरलं नाही की थांबा. उरले तेवढे गठ्ठे म्हणजेच कमीत कमी स्थिती, आणि त्याहून कमी कुणालाही करता येणार नाहीत. १९५७-५८ मध्ये मायहिल आणि नेरोड यांनी हे पक्कं सिद्ध केलं. भूतकाळ दोन असले तरी सगळे भविष्यकाळ सारखे असतील तर स्थिती एकच, ही त्यांचीच कसोटी. मी ग्राऊंडवर वापरली ती. १९७१ मध्ये हॉपक्रॉफ्टने तेच काम फार झपाट्याने करणारी रीत दिली. गंमत म्हणजे यंत्राला अंदाज बांधायची मुभा दिली, एका हुकुमाला दोन-तीन वाटा ठेवल्या, की यंत्र खूप लहान होऊ शकतं, पण ते कमीत कमी आहे की नाही हे तपासणं भयंकर अवघड होऊन बसतं. ते इथे नको, जेवणाआधी वाचून व्हायला हवं.

मला परत बाबांच्या खोलीत जायचं आहे, कारण यंत्राची एक बाजू मी सांगितलीच नाही. 'ट्रेन ऑन लाईन'वरून 'लाईन क्लोज्ड' कधी करायचं? गाडी आली की. पण गाडी आली म्हणजे काय?

सहावी-सातवीत असेन. बाबांचा डबा घेऊन गेले होते. एक मालगाडी न थांबता धडधडत जात होती. मी म्हटलं, बाबा, गाडी आली, दांडा फिरवा. ते दारात उभे होते, वळलेसुद्धा नाहीत. "तुले कोनी सांगतलं गाडी आली म्हून? इंजिन आलं. गाडी कुठी आली?" मग शेवटचा डबा गेला, त्यावर 'एल.व्ही.' लिहिलेली पाटी होती, आणि मगच ते आत आले. लास्ट व्हेइकल. रात्री त्या जागी लाल दिवा. प्रवासी गाडीच्या शेवटच्या डब्यावर मोठी पिवळी फुली असते, तीही यासाठीच. गाडी मध्येच तुटून चार डबे मागे राहिले असतील तर पाटी दिसणार नाही, आणि लाईन मोकळी म्हणता येणार नाही.

या पाटीचं मोल मला इंजिनिअर झाल्यावर कळलं. आता बऱ्याच ठिकाणी हे काम अ‍ॅक्सल काउंटर करतो. टप्प्यात शिरताना गाडीचे आस मोजायचे, बाहेर पडताना पुन्हा मोजायचे, आकडे जुळले की गाडी पूर्ण आली. पन्नास डब्यांची मालगाडी म्हणजे नुसत्या डब्यांचेच दोनशे आस. एवढं मोजणाऱ्या यंत्राला दोनशेहून जास्त स्थिती लक्षात ठेवाव्या लागतात. पाटीवाल्या पद्धतीत दोन पुरतात : दिसली, नाही दिसली. मोजण्याचं काम पाटीने वाचवलं, कारण 'मी शेवटचा' ही माहिती गाडी स्वतःच पाठीवर घेऊन फिरते. केवढी काटकसर! पण ती फुकट नाही. पाटी कुणीतरी पाहावी लागते. पावसात, धुक्यात, रात्री तीन वाजता. यंत्राच्या दोनशे स्थिती वाचल्या त्या एका जागरण करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर. काउंटर आला ते बरंच झालं, असंच मी म्हणेन, आणि बाबाही हेच म्हणतात.

पुलगावच्या आधी ते एका लहान स्टेशनावर होते तेव्हाची गोष्ट आई सांगते. जुलैची रात्र, मुसळधार पाऊस. मालगाडी गेली, पण बाबांना लाल दिवा दिसला नाही. सोबतचा सांधेवाला म्हणाला, गेली साहेब, मी आवाज ऐकला. बाबांनी दांडा 'ट्रेन ऑन लाईन'वरच ठेवला. मागे एक्स्प्रेस खोळंबली, फोनवर फोन. पुढच्या स्टेशनाला गाडी थांबवून तपासायला सांगितलं. तिथून निरोप यायला बराच वेळ लागला : शेवटचा डबा जागेवर आहे, गार्ड आहे, दिवा पावसाने विझला होता. तेव्हा कुठे दांडा फिरला. एक्स्प्रेसला चाळीस मिनिटं उशीर झाला, त्याबद्दल बाबांना बोलणी खावी लागली. आई ही गोष्ट सांगताना नेहमी म्हणते, "आणि गाडी तर आख्खीच होती!" बाबा त्यावर काही बोलत नाहीत.

आता माझी गोष्ट, जी मी आजवर माझ्या टीमबाहेर कुणाला सांगितलेली नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका कंपनीत पैसे पाठवण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. प्रत्येक व्यवहार म्हणजे एक छोटं यंत्र : नवा, पाठवला, यशस्वी, अयशस्वी, आणि 'बँकेकडून उत्तर नाही'. तक्ता फार पसरला होता, टीममध्ये मीच 'कमीत कमी'ची पंडित. पाहिलं तर 'अयशस्वी' आणि 'उत्तर नाही' या दोन्हींत ग्राहकाला एकच संदेश दिसत होता, एकच लाल खूण. मी दोन्ही एक केल्या. तक्ता सुटसुटीत झाला, माझं कौतुकही झालं. मी तपासायला विसरले ते एवढंच की आज दिसणारं सारखं असून भागत नाही, पुढचं सगळं सारखं लागतं. 'अयशस्वी' झालेला व्यवहार पुन्हा पाठवता येतो. 'उत्तर नाही' असलेला पाठवता येत नाही, कारण बँकेचं 'यशस्वी' कदाचित वाटेत असतं. महिन्याच्या एक तारखेला बँकेची उत्तरं उशिरा यायला लागली, आमच्या यंत्राने ती अयशस्वी धरून पैसे पुन्हा पाठवले. कितीतरी लोकांच्या खात्यातून घरभाडं, शाळेची फी दोनदा गेली. आम्ही दोन दिवस, दोन रात्री बसून एकेक व्यवहार हाताने जुळवला. एक बाई फोनवर रडत होत्या, त्यांना दवाखान्यात पैसे भरायचे होते आणि खात्यात उरलेच नव्हते. तो आवाज अजून जात नाही.

घरी आल्यावर बाबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांना सॉफ्टवेअर कळत नाही, पण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शेवटचा डबा पाह्यला नोयता ना? मंग लाईन क्लिअर देल्लीच कायले?"

त्यानंतर मी टीममध्ये एक नियम केला, तो आजही पाळते. दोन स्थिती एक करायच्या असतील तर ज्याला त्या एक करायच्या आहेत त्याने लिहून द्यायचं की त्यांना वेगळं पाडणारा एकही पुढचा प्रसंग नाही. बहुतेक वेळा लिहायला बसलं की प्रसंग सापडतो. नवी मुलं कुरकुरतात. त्यांना मी क्लेटनचा बोगदा सांगते, बाबांची पाटी सांगते, आणि तरीही पटलं नाही तर उभं करून दाहिने मुड, पीछे मुड करायला लावते. त्यांना वाटतं मॅडमना वेड लागलंय.

जाता जाता एक हिशोब तुमच्यासाठी. 'सावधान' आणि 'विश्राम' धरले तर ग्राऊंडवर किती स्थिती होतात? आठ. विश्राममध्येही तोंड कुठे आहे ते लक्षात ठेवावंच लागतं, कारण पुढे सावधान होऊन वळायचं असतं. 'आराम से' धरला तर बारा. पी.टी.चे सर संमेलनाला येणार आहेत असं कळलं आहे, आणि शिटी घेऊनच येणार असंही कळलं आहे. सायकल स्टँडकडे तोंड करणारी मैत्रीण या वेळी माझ्या शेजारी उभी राहणार आहे. तिने परवा फोन करून विचारलं, टाकी अजून तिथेच आहे ना?